सव्वीस जूनचे पाहुणे

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळा-महाविद्यालयांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. मुले सभागृहात बसवली जातात, पोलीस खात्यातले अधिकारी कायदा सांगतात, डॉक्टर काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवतात आणि शेवटी व्यसनातून बाहेर आलेले एक पाहुणे बोलायला उभे राहतात. पहिली सिगारेट कुठे ओढली, गर्दचा पहिला झुरका कोणी दिला, घरातली भांडी कशी विकली, फलाटावर किती रात्री काढल्या, हे ते सांगतात आणि सभागृह चिडीचूप होते. मग शाल, श्रीफळ, सामूहिक शपथ, आणि पाहुणे आपल्या घरी. उपचारासाठी खाट मिळायला त्यांना किती दिवस लागले, बाहेर आल्यावर नोकरी कोणी दिली, कोणी नाकारली, विमा कंपनीने बिल भरले का, हे त्यांना कोणी विचारत नाही. आपल्याला त्यांची पडझड ऐकायची असते. पुढची वर्षे, म्हणजे ज्या काळात त्यांनी खरे काही कमावले ती, वेळेअभावी आटोपती घेतली जातात.

या कार्यक्रमामागचा हेतू चांगला असतो, पण उपयोगाबद्दलचा पुरावा तितकासा चांगला नाही. व्यसन लागूच नये म्हणून काय करावे, याचे आंतरराष्ट्रीय निकष संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१८ मध्ये सुधारले. शाळांमध्ये कशाचा उपयोग होत नाही किंवा कशाने उलटा परिणाम होतो, हेही त्यांत दिले आहे. मुलांना भीती घालणे त्यात आहे आणि पूर्वी व्यसनी असलेल्यांकडून आपबीती सांगून घेणेही आहे. याचे कारण समजायला अवघड नाही. चौदा वर्षांच्या मुलासमोर एक माणूस उभा आहे, छान बोलतो आहे, टाळ्या घेतो आहे. तो जे सांगतो त्यापेक्षा तो जो दिसतो ते मुलाच्या मनात राहते: इतके सगळे करूनही माणूस परत येतो आणि पाहुणा म्हणून बोलावला जातो. ज्या मुलाच्या घरात बाप पितो, त्याला तर या गोष्टीतून काहीच मिळत नाही. त्याच्या बापाची गोष्ट अजून त्या वळणावर आलेली नसते.

तेव्हा या माणसांनी गप्प बसावे का? माझे म्हणणे नेमके उलट आहे. त्यांच्याजवळ बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आपण त्यांना चुकीच्या सभागृहात उभे करतो एवढेच. कोर्टकचेरीत 'पैरवी' असा एक जुना शब्द आहे. एखाद्याची बाजू धरून ती शेवटपर्यंत लढवणे, त्यासाठी खेटे घालणे, कागद गोळा करणे, हे सगळे त्यात येते. शाळेच्या व्यासपीठावर व्यसनमुक्त माणूस स्वतःविरुद्धच्या खटल्यातला साक्षीदार असतो. त्याला पैरवीकार व्हायचे असेल, तर त्याने रुग्णाच्या खाटेपाशी, कारखान्याच्या व्यवस्थापकासमोर, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत आणि शक्य झाल्यास विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला हवे. हे बोलणे वेगळे असते आणि ते शिकवावे लागते. आपल्याकडे उपचार आहेत, पाठपुरावा आहे. हे शिक्षण मात्र जवळजवळ नाही.

गरज किती आहे ते आकड्यांत पाहू. 'एम्स'च्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. उरलेल्या सदतीस जणांपर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. जाहिरातीवर त्यांचा विश्वास नाही आणि डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. बायकोचे बोलणे तर वर्षानुवर्षे ऐकून बोथट झालेले असते. अशा वेळी 'मीही असाच होतो' एवढे वाक्य खरेपणाने म्हणू शकणारा माणूस उपयोगी पडतो, आणि असा माणूस दवाखान्याच्या औषधपेटीत नसतो.

ही कल्पना जुनी आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा, दारू सोडून काही महिनेच झालेला शेअरबाजारातला माणूस धंद्यात हरून एका हॉटेलात उभा होता. बारमधून आवाज येत होते. आपण पुन्हा पिणार हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने बोलण्यासाठी दुसरा दारुडा शोधायला फोन लावायला सुरुवात केली. त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. त्या दोघांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. इथे एक बारकावा आहे. विल्सन दुसऱ्याला वाचवायला निघाला नव्हता, त्याला स्वतः वाचायचे होते. पुढे फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये याला सिद्धांताचे रूप दिले: मदत करणाऱ्याला होणारा फायदा हा मदत घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून अधिक असतो. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या अभ्यासाची आकडेवारी मारिया पगानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तपासली. ज्यांनी इतर मद्यपींना मदत केली, त्यांच्यातले ४० टक्के लोक उपचारांनंतर वर्षभर दारूपासून दूर राहिले होते. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. मदत करणारे मुळातच जास्त निर्धाराचे असतील, असे कोणी म्हणेल, आणि ती शंका पूर्णपणे फेटाळता येत नाही. पण कोण अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या किती मीटिंगना गेले हा भाग वेगळा काढल्यावरही फरक उरलाच.

महाराष्ट्राला हे परके नाही. पुण्यात गर्दचा फैलाव झाला, त्यावर अनिल अवचट यांनी लेख लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झाले, हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. कमी बोलली जाणारी गोष्ट ही, की तिथे दाखल होणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात आणि तिथले कितीतरी समुपदेशक व कार्यकर्ते एकेकाळी रुग्णमित्रच होते. मुंबईत त्याआधी, १९८१ मध्ये, फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. आपण स्वतः मद्यपाशातून बाहेर आलो आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही. म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला हात देण्याची परंपरा आपल्याकडे पक्की आहे. पुढचे पाऊल मात्र पडले नाही. सार्वजनिक प्रश्न म्हणून व्यसनाबद्दल बोलण्याची वेळ आली की आपल्याकडे बोलतात त्या दारूने पोळलेल्या बायका, समाजसेवक आणि डॉक्टर. बायकांनी बोलावे हे योग्यच होते आणि आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले की दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात झाली, ती त्यांच्याच रेट्याने. गडचिरोलीतल्या दारूबंदीमागेही मोठे लोकआंदोलन होते. पण या सगळ्या लढ्यांत पिणारा माणूस आरोपी होता. दुकान बंद झाल्यावर त्याचे काय करायचे, हे त्याला किंवा त्यातून सुटलेल्याला कोणी फारसे विचारले नाही. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा वाद झाला तो महसूल, अवैध विक्री आणि गुन्हे यांवर. व्यसनमुक्तीच्या खाटा हा त्या वादातला मुख्य मुद्दा कधी झालाच नाही.

पुढचे पाऊल कसे असते, हे अमेरिकेतल्या घडामोडींवरून दिसते. मार्टी मॅन ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये टिकून राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. तिने १९४४ मध्ये लोकशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली. मद्यासक्ती हा आजार आहे, आजारी माणसाला मदत करता येते, तो मदतीच्या लायक आहे आणि ही सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी आहे, एवढेच ती गावोगाव सांगत राहिली. हॅरॉल्ड ह्यूज हे आयोवाचे सिनेटर स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले होते. त्यांनी आणलेल्या कायद्यावर ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि संशोधन व उपचारासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९७६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ५२ नामांकित लोकांनी एकाच दिवशी उभे राहून आपण मद्यासक्तीतून सावरत असल्याचे जाहीर केले. त्यांत चंद्रावर पाऊल ठेवलेले बझ ऑल्ड्रिन होते. २००१ मध्ये सेंट पॉल इथे जमलेल्या कार्यकर्त्यांनी 'फेसेस अँड व्हॉइसेस ऑफ रिकव्हरी' ही संघटना बांधली, आणि तिने नुसते मेळावे न भरवता बोलायचे कसे याचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. तिची मुख्य शिकवण अगदी साधी आहे. सुरुवात पडझडीने करू नका. 'मी इतकी वर्षे व्यसनापासून दूर आहे, त्यामुळे मी आज नोकरी करतो, मुलांना वाढवतो, कर भरतो. हे इतरांनाही मिळावे म्हणून मला अमुक बदल हवा आहे' असे सांगा. आपल्या शाळेतल्या पाहुण्याची गोष्ट जिथे संपते, तिथे ही सुरू होते.

यात शब्दांचा वाटा मोठा आहे. हार्वर्डच्या जॉन केली यांनी २०१० मध्ये पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाचे वर्णन दिले. निम्म्यांना त्याचा उल्लेख हेटाळणीच्या शब्दाने, निम्म्यांना 'असा विकार असलेली व्यक्ती' असा. हेटाळणीचा शब्द वाचलेल्यांना तो माणूस जास्त दोषी आणि शिक्षेला पात्र वाटला. शिकल्या-सवरलेल्या तज्ज्ञांची ही गत, तर बाकीच्यांचे काय! मराठीने गर्द आल्याबरोबर 'गर्दुल्ला' घडवला, 'बेवडा' होताच. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या तळीरामाला शंभर वर्षे झाली तरी ३१ डिसेंबर आला की वर्तमानपत्रांत 'तळीरामांवर कारवाई' अशी बातमी येते. त्या नाटकातला तळीराम हसवतो आणि सुधाकर रडवतो, पण दोघांपैकी कोणीही वाचत नाही. दारू सोडून घरी परत आलेल्या माणसासाठी मराठीत सर्वांच्या तोंडी असलेला एकही शब्द नाही, ही गोष्ट मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा जास्त सांगून जाते. 'व्यसनमुक्त' हा शब्द प्रमाणपत्रावरचा आहे. चहाच्या टपरीवर कोणी तसे म्हणत नाही. हवा असलेला शब्द तज्ज्ञ समितीला सापडणार नाही. तो याच माणसांच्या बोलण्यातून येईल.

शिकवायचे म्हणजे नेमके काय? गोष्ट कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचे, हे पहिले. आपल्या गोष्टीत बायको-मुलेही असतात. त्यांना विचारल्याशिवाय त्यांची दुःखे व्यासपीठावर न्यायची नाहीत. मग कायद्याची ओळख. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारांनाही मानसिक आजारात धरले आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे. कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. पोलीस ठाण्यात घाबरून बसलेल्या एखाद्या पोराच्या बापाला ही एक ओळ माहीत असणे शंभर भाषणांपेक्षा मोलाचे आहे. ती सांगायला वकीलच हवा असे नाही. आपल्या तालुक्यात उपचाराची सोय कुठे आहे, तिथे औषध असते का, बायकांसाठी वेगळी व्यवस्था आहे का, ही माहिती जमवणे आणि ती घेऊन अधिकाऱ्यासमोर बसणे, हे तिसरे. भाषणकला सर्वांत शेवटी येते, आणि नाही आली तरी चालते. बायकांच्या बाबतीत तर व्यासपीठाचा आग्रह धरूच नये. पिणाऱ्या पुरुषाला समाज हसून सोडतो, बाईला सोडत नाही. नाव न सांगता निवेदन लिहिणे, समितीत बंद दाराआड बोलणे हीही पैरवीच आहे.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आणि खरा आक्षेप पुन्हा घसरण्याचा. आज ज्याला वर्तमानपत्रात छापले तो उद्या गुत्त्यावर दिसला तर? त्याची नाचक्की होतेच, पण 'हे लोक सुधारत नसतात' असे म्हणणाऱ्यांनाही आयता पुरावा मिळतो. धोका आहे, नाकारण्यात अर्थ नाही. व्यसन उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितले जाते, आणि उच्च रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत उपचार सुटून आजार उलटण्याचे प्रमाणही त्याच आसपास आहे. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या कार्यकर्त्याला कोणी खोटा ठरवत नाही. उपाय माणूस लपवण्यात नाही, एकच चेहरा पुढे न करण्यात आहे. बोलणारा एकटा असला की तो 'हिरो' होतो, आणि हिरोला घसरायची परवानगी नसते. मग तो घसरला तरी लपवतो, आणि लपवणे हीच व्यसनाची जुनी सवय. गट असला, पहिले वर्ष-दोन वर्षे सार्वजनिक बोलण्यापासून लांब राहण्याचा दंडक असला आणि 'सध्या मी थांबतो' असे म्हणून कधीही मागे येता आले, तर हा धोका बराच आटोक्यात येतो. बोलण्याचे काम हे उपचारांची जागा घेऊ शकत नाही. ज्याला मीटिंगला जायला वेळ नाही इतकी भाषणे आहेत, त्याची भाषणे आधी थांबवावीत.

दुसरा आक्षेप अनामिकतेचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या परंपरांनुसार वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपटांत सदस्याने आपली ओळख जाहीर करायची नसते आणि संघटना बाहेरच्या वादांवर मत देत नाही. अनेक जुने सदस्य म्हणूनच या साऱ्याकडे नाराजीने पाहतात. पण परंपरेचे बंधन संघटनेच्या नावापुरते आहे. कुठल्या मीटिंगला जातो हे न सांगता 'मी दारूतून सावरलो आहे' असे म्हणता येते. २००१ नंतरच्या चळवळीने हाच मार्ग धरला. तिसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. जो केवळ निश्चयाने आणि मीटिंगनी सुटला, तो अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला 'एक नशा सोडून दुसरी धरलीस' असे सुनावतो, आणि ते ऐकून औषध सोडलेला माणूस अतिसेवनाने मरू शकतो. म्हणून प्रशिक्षणातला कडक नियम हा हवा: स्वतःचा रस्ता सांगा, दुसऱ्याला लिहून देऊ नका. उलट बाजूही लक्षात घ्यावी. औषध का वेळेवर मिळत नाही, रांगेत उभे राहताना काय ऐकावे लागते, हे डॉक्टरांना रुग्णाकडूनच कळू शकते.

शेवटची शंका मात्र आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा संस्थांनाच विचारायला हवी. तीन महिन्यांपूर्वी दाखल झालेल्या पोराला दोन वेळचे जेवण आणि खाट देऊन 'कौन्सेलर' म्हणून नवीन रुग्णांवर नेमायचे, त्याचा फोटो माहितीपत्रकावर छापायचा आणि पगाराचा विषय निघाला की सेवाभावाची आठवण करून द्यायची, हा प्रकार काही खासगी केंद्रांत चालतो. त्याला पैरवी म्हणता येत नाही. ती फुकटातली मजुरी झाली. काम आहे तिथे मोबदला हवा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २०१४ पासून अतिसेवनाने तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णापाशी सावरलेला, प्रशिक्षित सोबती बोलावला जातो. ते नेमून दिलेले काम आहे. तेच आपल्या जिल्हा रुग्णालयांत का होऊ नये, याचे उत्तर पैशांच्या अभावापेक्षा सवयीत आहे.

आपल्याला हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही, कारण दुसऱ्या एका आजारात आपण ते केले आहे. १९९४ च्या पॅरिस जाहीरनाम्याने एचआयव्हीबाधितांचा धोरणात सहभाग असावा हे तत्त्व मान्य केले, १९९७ मध्ये भारतात बाधितांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि २०१७ मध्ये भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. त्या आजाराची लाज व्यसनापेक्षा कमी नव्हती. व्यसनाच्या क्षेत्रात 'नशामुक्त भारत अभियान' १५ ऑगस्ट २०२० पासून सुरू आहे, आणि त्याच्या जिल्हा समित्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसतात. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येक समितीत सावरलेल्या दोन माणसांना, त्यात एक बाई असेल तर उत्तमच, मत देण्याच्या हक्काने आणि प्रवासखर्चासह जागा द्यावी. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची एक सही पुरते. आणि जी मुख्याध्यापक मंडळी येत्या २६ जूनसाठी पाहुणे शोधत असतील, त्यांनी या वेळी त्या पाहुण्यांना मुलांसमोर उभे न करता पालकसभेला बोलवावे, आणि मदत कुठे मिळते एवढेच सांगायला लावावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. तो फळ्यावर लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.